कोकणात राहून परग्रहांवरचा बर्फ ओळखण्याची रीत

मंगळावर बर्फ आहे की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. तो कोठे आहे, किती खोल आहे आणि तेथे कसा साठला, हे प्रश्न मात्र शिल्लक आहेत. बर्फ मातीखाली दडलेला असला की तो पांढरा दिसत नाही. जमिनीच्या रूपावरून त्याचा माग काढावा लागतो. म्हणूनच मंगळाचा अभ्यास करणारे भूशास्त्रज्ञ अलास्का, सायबेरिया, कॅनडाचा उत्तर किनारा आणि अंटार्क्टिका येथील गोठलेल्या जमिनीचा आधार घेतात. अलिबाग, रत्नागिरी किंवा वेंगुर्ल्यात बसून, घरातला फ्रीज, दोन-तीन प्रकारची माती आणि इंटरनेटवर मोफत मिळणारी छायाचित्रे एवढ्या सामग्रीवर हीच पद्धत कशी शिकता येईल, हे येथे सांगितले आहे. शाळेच्या विज्ञान मंडळाला हिवाळ्यात हाती घेण्यासारखा हा उपक्रम आहे.

कोकणात जमीन गोठत नाही. दापोलीत एखाद्या थंडीत पारा दहा अंशांच्या खाली जातो, वर घाटमाथ्यावर महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी क्वचित एखाद्या पहाटे दव गोठते, पण ते गवतावरचे आणि घटकाभराचे. सलग दोन वर्षे तरी ज्या जमिनीचे तापमान शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहते, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. या व्याख्येत पाण्याचा उल्लेख नाही, हे आधी लक्षात घ्यावे. कोरडा खडक किंवा कोरडी वाळूसुद्धा पर्माफ्रॉस्ट असू शकते. मंगळाचे सरासरी तापमान उणे 60 अंशांच्या आसपास असल्यामुळे या अर्थाने तेथील जवळजवळ सगळीच जमीन पर्माफ्रॉस्ट ठरते, आणि म्हणून 'जमीन गोठलेली आहे का' असे विचारून काहीच हाती लागत नाही. विचारायचे ते दोन प्रश्न: त्या जमिनीत बर्फ आहे का, आणि दिसणारा आकार घडताना पाणी मध्ये कधी द्रवरूप झाले होते का. माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पृथ्वीवर बहुतेक ठिकाणी पर्माफ्रॉस्टच्या वर असलेला मातीचा थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. मंगळावर आजच्या काळात तसे घडत नाही. सायबेरियातला आकार मंगळावर दिसला म्हणून त्याचे कारणही सायबेरियातलेच असेल, असे गृहीत धरणारा तेथेच फसतो.

सामग्री

नदीकाठचा बारीक गाळ घ्यावा, तोही भरतीचे पाणी पोहोचत नाही अशा जागेचा, कारण खाडीच्या चिखलात मीठ असते आणि ते पहिला प्रयोग बिघडवते. दुसरी माती म्हणजे किनाऱ्यावरची वाळू. ती गोड्या पाण्यात तीन-चार वेळा धुऊन घ्यावी. हवी असल्यास तिसरी म्हणून जांभ्याची तांबडी माती पिठाच्या चाळणीने चाळून घ्यावी. याशिवाय उंच प्लास्टिकचे पेले, जाडे मीठ, ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा आणि थर्मोकोल लागेल. थर्मोकोलसाठी पैसे खर्च करण्याची गरज नाही. मासळी ज्यातून येते ती फुटकी खोकी मिरकरवाड्यासारख्या कोणत्याही बंदरावर मिळतात. ती साबणाने धुऊन वाळवावीत.

फ्रीज कोणत्या प्रकारचा आहे, हे पाहणे आवश्यक आहे. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये फ्रीजरची हवा कोरडी राखली जाते. एका दाराच्या जुन्या पद्धतीच्या फ्रीजमध्ये भिंतींवर बर्फ साचत जातो. पहिला आणि मिठाचा प्रयोग कोणत्याही फ्रीजमध्ये होतो, पण वजनाच्या प्रयोगाला फ्रॉस्ट-फ्री फ्रीजच हवा. फ्रीजरमध्ये सुरमईच्या शेजारी चिखलाचा पेला ठेवण्यापूर्वी घरच्यांची परवानगी घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

मातीत बर्फ कसा वाढतो

गाळात पाणी मिसळून तो चमच्याने ओतता येईल इतका सैल करावा आणि पेला तोंडाशी दोन बोटे रिकामा ठेवून भरावा. वाळूचा दुसरा पेला तसाच भरावा. दोन्ही पेल्यांना बाजूंनी आणि तळाशी थर्मोकोलचे जाड वेष्टन द्यावे, तोंड मात्र उघडे ठेवावे. थंडी फक्त वरून खाली उतरावी, हा या वेष्टनाचा हेतू आहे. निसर्गात जमीन तशीच गोठते. फ्रीजरचा खटका सर्वांत सौम्य थंडीवर ठेवावा, कारण गोठण्याची क्रिया जितकी संथ, तितका परिणाम स्पष्ट दिसतो. रात्रभरानंतर पेल्याच्या बाजूला विणकामाची सुई टोचून पाहावी. वरचा अर्धा भाग कडक झाला असेल आणि खालचा मऊ असेल, तेव्हा पेला बाहेर काढावा, प्लास्टिक ब्लेडने कापावे आणि आतला गोळा सुरीने उभा चिरावा. हे काम मोठ्या माणसाने करावे.

वाळूचा गोळा सगळीकडे सारखा कडक दिसेल, कारण बर्फ तिथे फक्त कणांमधल्या पोकळ्यांत भरलेला असतो. गाळाच्या चिरेत मात्र पृष्ठभागाला समांतर, केसाएवढ्या ते नखाएवढ्या जाडीच्या स्वच्छ बर्फाच्या चकत्या दिसतील आणि त्यांच्या मधे राखाडी मातीचे पट्टे असतील. त्याहून बोलका भाग खाली आहे. न गोठलेला गाळ बोटाने दाबून पाहावा. आदल्या रात्री सैल असलेला हा गाळ आता घट्ट आणि कोरडसर लागतो. त्यातले पाणी वर खेचले गेलेले असते. जांभ्याची माती या दोहोंच्या मधली वागते, आणि तिच्यात खडे राहिले असतील तर चकत्या तुटक दिसतात.

बारीक कणांच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर शून्याच्या खालीही द्रवरूप राहतो, आणि त्या थरांतून पाणी थंड बाजूकडे सरकत राहते. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते, म्हणून जमीन उचलली जाते, असे पूर्वी मानले जात असे. अमेरिकी भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी 1930 च्या सुमारास पाण्याऐवजी बेंझीन वापरून हा समज खोडून काढला. बेंझीन गोठताना आकुंचन पावते, तरीही त्यांची माती वर उचलली गेली. म्हणजे जमीन उचलणारे मुख्य कारण फुगणे नव्हे, तर खालून येऊन साठत जाणारा द्रव. बेंझीन विषारी आहे, तेव्हा टेबर यांचा प्रयोग वाचण्यापुरताच ठेवावा.

या चकत्यांचा मंगळाशी थेट संबंध आहे. सैल वाळूत पोकळ्यांचा वाटा साधारण एक तृतीयांश ते दोन पंचमांश असतो. एखाद्या ठिकाणी त्याहून जास्त बर्फ सापडला, तर तो केवळ पोकळ्यांत शिरलेल्या बाष्पाचा असू शकत नाही. मंगळावर उतरलेल्या फिनिक्स यानाने 2008 मध्ये खणलेल्या चरांपैकी एकात माती बर्फाने सांधलेली होती, तर दुसऱ्यात जवळजवळ शुद्ध बर्फ निघाला. या शुद्ध बर्फासाठी दोन स्पष्टीकरणे मांडली जातात: एक, पुरलेले जुने हिम, दुसरे, पेल्यात दिसली तशी, पातळ थरांतून सरकणाऱ्या पाण्यामुळे झालेली चकत्यांची वाढ. दुसरे खरे असेल तर मंगळाच्या मातीत, अगदी थोडे का होईना, द्रवरूप पाणी हलले होते असे म्हणावे लागेल. हा वाद त्यामुळेच इतका महत्त्वाचा आहे.

मातीखाली बर्फ टिकतो कसा

सारख्या आकाराचे बर्फाचे दोन खडे दोन सारख्या वाट्यांत ठेवावेत. एक उघडा ठेवावा, दुसऱ्यावर कोरडी, बारीक आणि आधीच फ्रीजरमध्ये थंड केलेली वाळू दोन सेंटीमीटर जाडीची पसरावी. वाळू थंड करायचे विसरल्यास खडा वितळेल आणि प्रयोग पहिल्याच मिनिटाला संपेल. दोन्ही वाट्यांचे वजन आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी नोंदवावे. उघडा खडा महिन्याभरात लक्षात येण्याइतका झिजतो; झाकलेला त्या मानाने फार हळू. यालाच शाळेच्या पुस्तकात संप्लवन म्हटले आहे: घन पदार्थ द्रव न होता थेट वायुरूप होतो.

कोकणात या प्रयोगाला एक अडचण आहे. पावसाळ्यात वाटी बाहेर काढताच दमट हवेतले बाष्प तिच्यावर गोठते आणि वजन कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा आणि वजन काही सेकंदांत उरकावे. मध्ये वीज तासन्‌तास गेली आणि खडा वितळून पुन्हा गोठला, तर नोंदवही बंद करून नव्याने सुरुवात करावी.

मंगळावरील हवेचा दाब सुमारे 600 पास्कल, म्हणजे पृथ्वीच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. 611 पास्कलच्या खाली शुद्ध पाणी द्रवरूपात टिकूच शकत नाही. त्यामुळे तेथे उघडा बर्फ तापला की वितळत नाही, उडून जातो. रॉबर्ट लेटन आणि ब्रूस मरे यांनी 1966 मध्येच गणिताने दाखवले होते की मंगळाच्या ध्रुवांकडील भागात पाण्याचा बर्फ जमिनीखाली टिकून राहू शकेल. 2002 मध्ये मार्स ओडिसी यानाच्या उपकरणांना तेथील वरच्या एखाद-मीटर थरात भरपूर हायड्रोजन, म्हणजे पाण्याच्या बर्फाची खूण, आढळला. 25 मे 2008 रोजी फिनिक्स यान 68 अंश उत्तर अक्षांशाजवळ उतरले आणि त्याच्या फावड्याला सुमारे पाच सेंटीमीटर खोलीवर कठीण थर लागला. चरात दिसलेले पांढरे तुकडे चार दिवसांत नाहीसे झाले. ते मीठ असते तर जागेवर राहिले असते, आणि कार्बन डायऑक्साइडचा बर्फ असता तर त्या तापमानाला इतके दिवसही टिकला नसता. पुढे 31 जुलैला, नमुना यानाच्या भट्टीत तापवून पाणी असल्याची खात्री जाहीर झाली. अनुमान कसे बांधावे, याचा इतका नेटका नमुना विज्ञान शिक्षकांना सहसा मिळत नाही. वर्गात उत्तर सांगण्याआधी फक्त तुकडे नाहीसे झाल्याची दोन छायाचित्रे दाखवावीत आणि मुलांना शक्यता खोडू द्याव्यात.

मीठ

गाळाच्या एका पेल्यात साधे पाणी आणि दुसऱ्यात जाडे मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातलेले पाणी मिसळून दोन्ही फ्रीजरमध्ये ठेवावेत. समुद्राचे पाणी उणे 1.9 अंशाला गोठू लागते. सुमारे 23 टक्के मीठ असलेले पाणी उणे 21 अंशांपर्यंत द्रव राहते. घरगुती फ्रीजर उणे 18 च्या आसपास असतो, म्हणून दुसरा पेला मऊच राहील. पेण किंवा उरणकडच्या मिठागरातून मीठ काढून झाल्यावर उरलेले कडू पाणी मिळाले, तर तेही ठेवून पाहावे. अंटार्क्टिकातले डॉन वान तळे कॅल्शियम क्लोराइडमुळे उणे 50 अंशांच्या आसपासही सहसा गोठत नाही. फिनिक्सला मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट क्षार सापडले आणि तेही गोठणबिंदू असाच खूप खाली नेतात. तरीही, क्षार सापडले म्हणून तेथे पाणी वाहते असे म्हणण्याची घाई करू नये.

भेगांची जाळी

ही क्रिया फ्रीजरमध्ये दाखवता येत नाही, तेव्हा आकडेमोड करावी. बर्फ दर अंशाला आपल्या लांबीच्या साधारण वीस हजाराव्या भागाने आकुंचन पावतो. वीस मीटर रुंदीची, बर्फाने गच्च भरलेली जमीन वीस अंशांनी थंड झाली, तर तिला दोन सेंटीमीटर आखडावे लागेल. ती खालच्या जमिनीला जखडलेली असल्यामुळे आखडू शकत नाही आणि तडकते. अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञ आर्थर लाखेनब्रुख यांनी 1962 मध्ये या तडकण्याचे सविस्तर गणित मांडले. आर्क्टिक प्रदेशात वसंतात वितळलेले पाणी त्या भेगेत शिरून गोठते, पुढच्या हिवाळ्यात भेग त्याच जागी पुन्हा उघडते, आणि शतकानुशतके हे चालत राहून बर्फाची पाचर तयार होते. वरून पाहिल्यास दहा ते तीस मीटर रुंदीच्या बहुभुजाकृतींचे जाळे दिसते.

खारेपाटातल्या शेतात एप्रिलमध्ये वाळलेल्या चिखलाला पडणाऱ्या भेगा या जाळ्याशी ताडून पाहाव्यात. दोन्हीकडे वरचा थर आखडतो आणि खालचा त्याला आखडू देत नाही. पहिल्यांदाच वाळलेल्या चिखलात नवी भेग जुन्या भेगेला काटकोनात येऊन मिळते. वारंवार भिजून वाळलेल्या चिखलात तीन भेगा सारख्या कोनांत मिळू लागतात. मोबाईलवर सरळ वरून छायाचित्रे घेऊन कोनमापकाने कोन मोजावेत. मंगळाच्या छायाचित्रांतील जाळे एकदाच तडकलेले आहे की पुन्हा पुन्हा, हा अंदाज बांधायला ही सवय उपयोगी पडते. साम्य मात्र आकाराचे आहे, कारणाचे नाही: चिखल पाणी गमावून आखडतो, गोठलेली जमीन उष्णता गमावून.

अंटार्क्टिकातील मॅकमर्डो ड्राय व्हॅलीजमध्ये वितळलेले पाणी जवळजवळ नसतेच. तेथे भेगा पडतात, पण त्यांत पाण्याऐवजी वाळू घरंगळते आणि वाळूची पाचर तयार होते. त्याच भागातील युनिव्हर्सिटी व्हॅलीत वर कोरडी माती आणि तिच्याखाली बर्फाने सांधलेली जमीन अशी रचना आहे. फिनिक्सच्या जागेशी पृथ्वीवर इतके जुळणारे ठिकाण क्वचितच सापडेल.

छायाचित्र वाचताना

मार्स रिकॉनेसन्स ऑर्बिटर हे यान 2006 पासून मंगळाभोवती फिरत आहे आणि त्याच्या हायराइझ कॅमेऱ्याची छायाचित्रे सर्वांसाठी खुली आहेत. त्यांत एक ठिपका साधारण पाव मीटरचा असतो. छायाचित्र उघडताच आकारांकडे धावू नये. आधी अक्षांश, मोजपट्टी, ऋतू आणि प्रकाशाची दिशा वहीत लिहावी. नकाशावर बसवलेल्या छायाचित्रांत उत्तर वर असते आणि यान दुपारी तीनच्या सुमारास फिरत असल्यामुळे प्रकाश बहुधा डावीकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. हे विसरल्यास खड्डे टेकड्यांसारखे दिसतात. ऋतू पाहण्याचे कारण असे की हिवाळ्यात उच्च अक्षांशांवर पसरणारा पांढरा थर मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचा असतो.

मग आकार पाहावा, आणि प्रत्येक आकारासाठी पाण्यासह आणि पाण्याविना अशी दोन कारणे लिहावीत. यूटोपिया प्लॅनिशिया या मैदानातले शिंपल्याच्या कडेसारखे खळगे सरावासाठी उत्तम आहेत. सायबेरियात जमिनीतला बर्फ वितळला की जमीन खचते, तळी साचतात, पाणी वाट काढते. यूटोपियातल्या खळग्यांना ना तळे, ना बाहेर जाणारी नाळ. त्यांची ध्रुवाकडे तोंड असलेली बाजू उभी आणि विषुववृत्ताकडची बाजू सौम्य उताराची असते. सूर्यप्रकाशाशी जुळणारा हा असमतोल बर्फ उडून गेल्याचे सुचवतो. 2016 मध्ये, याच यानावरील शॅराड रडारच्या आधारे तेथे मातीमिश्रित बर्फाचा 80 ते 170 मीटर जाडीचा थर असल्याचे प्रसिद्ध झाले. आकाराने संशय निर्माण केला आणि रडारने त्याला आधार दिला, हा क्रम महत्त्वाचा आहे. नुसत्या आकारावर थांबू नये.

याउलट पिंगोचे, म्हणजे पोटात बर्फ असलेल्या टेकडीचे, उदाहरण सावध करणारे आहे. कॅनडाच्या टुक्टोयाक्टुक गावाजवळचा इब्युक पिंगो सुमारे 49 मीटर उंच आहे. गोठत्या जमिनीत कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने तो वर आला. मंगळावर असे उंचवटे दिसले की काहीजण लगेच पिंगो म्हणतात, पण लहान ज्वालामुखी किंवा झिजून उरलेली टेकडीही वरून तशीच दिसते. सीरीस या बटुग्रहावरील ऑकेटर विवरातल्या उंचवट्यांबाबत हा दावा अधिक विचारार्ह वाटतो, कारण तेथे खारट पाणी वर आल्याच्या खुणा डॉन यानाने टिपल्या आहेत.

आपला अंदाज पडताळून पाहण्यासाठी निसर्गाने एक चर आयता खणून दिला आहे. 24 डिसेंबर 2021 रोजी एक उल्का मंगळाच्या अॅमेझोनिस प्लॅनिशिया या मैदानात आदळली. तिचा हादरा इनसाइट यानाच्या भूकंपमापकाने नोंदवला आणि सुमारे 150 मीटर रुंदीच्या विवराभोवती बर्फाची ढेकळे विखुरलेली दिसली. हे ठिकाण 35 अंश उत्तर अक्षांशावर आहे. आघातापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी ठेवून, आधीच्या छायाचित्रात बर्फाचा काही सुगावा होता का, हे विद्यार्थ्यांना शोधायला सांगावे.

चंद्र आणि बुध यांना ही आकार वाचण्याची रीत लागू पडत नाही. तेथे हवा नाही, गोठण्या-वितळण्याचे चक्र नाही, त्यामुळे जमिनीवर बर्फाची जाळी उमटत नाही. तापमानावरून तर्क करावा लागतो. चंद्रयान-3 च्या तापमापक दांड्याने ऑगस्ट 2023 मध्ये पृष्ठभाग तापलेला असताना अवघ्या आठ सेंटीमीटर खोलीवर उणे दहा अंशांच्या आसपास तापमान नोंदवले, आणि चंद्राची कोरडी धूळ उष्णता किती कमी झिरपू देते, हे उघड झाले. बुधाच्या ध्रुवांजवळ कायम सावलीत राहणाऱ्या विवरांत बर्फ असल्याला मेसेंजर यानाने 2012 मध्ये दुजोरा दिला. त्यांपैकी अतिथंड विवरांत तो उघडा आहे आणि थोड्या कमी थंड विवरांत काळसर पदार्थाच्या पातळ थराखाली झाकलेला आहे.